लाल रिबिनीची बातमी

“सगळ्या गावाला मी पाठवलं म्हणतेस? मी एकटीला पाठवलं, एकटीला! इस्त्रीवालीला. ती काय गाव आहे का?”

“आई, ती गावच आहे! तिच्याकडे सगळ्या गावाचे कपडे येतात!”

“मग तिच्यावर ओरड जा. माझ्यावर कशाला डोळे वटारतेस?”

सून खिडकीपाशी गेली, पडदा खसकन ओढला आणि खाली बोट दाखवलं. “ते बघा. बघा ना!”

सासूबाईंनी बघितलं. समोरच्या कुंपणावरून इस्त्रीवालीचं जाडजूड मांजर चाललं होतं, आणि त्याच्या गळ्यात लाल रिबिनीची ही मोठी गाठ. लग्नाला निघाल्यासारखं चाललं होतं.

“छान दिसतंय की,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं कपाळावर हात मारला.

त्या जुन्या गोदामात खोल्यांना भिंती अशा नव्हत्याच, प्लायवूडच्या फळ्या होत्या. त्यामुळे भांडायचं म्हणजे सगळ्यांसाठी भांडायचं. पलीकडून कोणीतरी म्हणालंच, “जरा मोठ्यानं बोला हो, अर्धं कळत नाही.”

“तुम्ही गप्प बसा!” दोघी एकदम ओरडल्या. तेवढ्यापुरती दोघींची एकी झाली.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. गोदामात राहणारी सगळी माणसं सीमेपलीकडून पळून आलेली. ही सून तिकडे रेडिओवर बातम्या वाचायची. इकडे आल्यावर पोटासाठी गोदामातल्या बायकांबरोबर हातमोजे शिवायला लागली, आणि शिवता शिवता कानात रेडिओ लावून इथली भाषा शिकली. सासूबाई तीच भाषा बाजारात शिकल्या. फरक ऐकला की कळायचा. सासूबाई भाजीवाल्याला म्हणायच्या, “लुटतोस काय रे मेल्या?” आणि सून म्हणायची, “टोमॅटोच्या दरात पुन्हा वाढ झाल्याचं समजतं. यामागचं कारण कळू शकेल का?” भाजीवाला बिचारा घाबरून दर उतरवायचा. त्यानंच तिला बातमीबाई हे नाव ठेवलं. घरात मात्र, विशेषतः पारा चढला की, ती साधंच बोलायची. आणि पारा चढायला तिला वेळ लागत नसे.

गावात चष्म्याच्या दुकानाच्या वर एक खोली होती. तिथे अफवा तपासणी केंद्र चालायचं. चालवायचा चष्मेवाला, त्याला सगळे दादा म्हणायचे. गोदामातल्या माणसांबद्दल गावात वाटेल ते उठायचं. त्यांना फुकटात फ्रीज मिळाले, त्यांनी खोकला आणला, त्यांच्यातला एक जण म्हणे तिकडचा जल्लाद होता (तो खरं तर दातांचा डॉक्टर होता). दादा आणि त्याची माणसं उठायची आणि घरोघर विचारत जायची, तुला कोणी सांगितलं, बरं, तिला कोणी सांगितलं, असं करत करत जिथून निघालं तिथपर्यंत. केंद्राचं दुसरं काम म्हणजे गोदामातल्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून गावाला ऐकवायचं. हे काम चांगलंच होतं, पण त्यासाठी बाहेरून पाहुणे यायचे आणि सगळ्यांना एकच हवं असायचं. “त्या रात्रीबद्दल सांगा ना,” म्हणायचे, आणि मग माइक पुढे धरून रडू येईपर्यंत थांबायचे. बातमीबाईनं ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की आता ती तिला दुसऱ्याच कोणाची तरी वाटायला लागली होती. तिला बातमी व्हायचं नव्हतं. तिला बातमी वाचायची होती.

आणि ते जमत आलं होतं! गावच्या रेडिओच्या साहेबांनी तिचं रेकॉर्डिंग ऐकलं, खूश झाले. कुठे राहता विचारलं. गोदाम म्हटल्यावर त्यांनी बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, “सोमवारी सकाळी आठच्या बातम्या वाचून बघा. जमलं तर पुढे ठरवू.”

सोमवार चार दिवसांवर आला होता आणि मध्येच हे मांजर.

झालं असं, की दादा म्हाताऱ्या माणसांसाठी अफवा ओळखायचा वर्ग घ्यायचा. त्याला एक नमुना हवा होता, म्हणजे बनवलेली अफवा, कोणाला न लागणारी. त्यानं लिहून दिलं आणि बातमीबाईनं वाचलं: “नागरिकांसाठी महत्त्वाची सूचना. येत्या आठवड्यापासून नगरपालिकेतर्फे मांजरांची मोजणी करण्यात येणार आहे. ज्या मांजरांच्या गळ्यात लाल रिबीन नसेल ती बेवारस समजून गाडीतून नेण्यात येतील. नागरिकांनी सहकार्य करावं.” आता केंद्राचा नियम असा, की नमुन्याच्या आधी आणि नंतर ‘हा नमुना आहे, खोटा आहे’ असं बोलायचंच. बातमीबाई अडून बसली.

“दादा, बातमीच्या आधी ही बातमी खोटी आहे असं मी आयुष्यात म्हटलेलं नाही. सगळं वाचन बिघडतं.”

दादानं दाढी खाजवली आणि म्हणाला, “बरं, तेवढं आपण खाली लिहून पाठवू.” तिथेच माती खाल्ली. लिहिलेलं लिहिलेल्या जागी राहिलं आणि आवाज निघाला एका फोनवरून दुसऱ्या फोनवर, गावभर फिरायला. त्याला बाहेर काढलं सासूबाईंनी. त्या वर्गात पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

“पण का पाठवलंत?” बातमीबाईनं आता जरा खालच्या आवाजात विचारलं. “मला एवढंच सांगा.”

सासूबाई पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. “तू किती छान बोललीस गं. मला वाटलं तिलाही कळू दे, आमच्याकडे काय माणूस आहे ते. ती नेहमी तिच्या भावजयीचं सांगते, बँकेत आहे, बँकेत आहे. आणि नेमकं तुझं नावच लिहायचं राहिलं.”

बातमीबाईचा सगळा राग निम्म्यावर आला.

“आणि एक विचारू?” सासूबाई म्हणाल्या. “ते खरंच खोटं आहे का?”

“आई! तुम्ही समोर बसला होतात!”

“बसले होते. पण तू बोललीस म्हटल्यावर मला वाटलं, हिनं चौकशी करूनच सांगितलं असणार.”

बातमीबाईनं चप्पल घातली आणि तणतणत केंद्राकडे निघाली.

रस्त्यानं जाताना ती दर दारापाशी थांबून बघत होती. दुकानातल्या लाल रिबिनी संपल्या असाव्यात, कारण पुढच्या गल्लीत मांजरांच्या गळ्यात मिळेल ते लाल होतं. एकाला लाल मोज्याची पट्टी कापून घातलेली. एकाला साहेबी टाय, त्याच्यात पाय अडकून ते दर दोन पावलांना पडत होतं. दवाखान्यातल्या मांजराला बँडेज गुंडाळून वर लाल औषध ओतलं होतं. केशकर्तनालयाच्या दारात तर कुत्रं बसलं होतं रिबीन बांधून.

“कुत्र्याला कशाला हो?” तिनं न्हाव्याला विचारलं.

“आज मांजरांवर आलंय, उद्या कुत्र्यांवर आलं तर? मग रिबीन मिळायची नाही,” न्हावी म्हणाला. “आणि बाई, ती सूचना सांगणारी कोण आहे माहीत नाही, पण काय आवाज आहे! अशी बाई खोटं बोलणार नाही.”

बातमीबाईचे कान तापले. त्यात लाज किती आणि आनंद किती, तिचं तिलाच कळलं नाही.

केंद्रात दादा शिडीवर उभा होता आणि हातात खळीचा डबा. जिन्यात, खांबांवर, चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर त्यानं कागद चिकटवले होते. मोठ्ठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: लाल रिबीन बांधण्याची गरज नाही! मांजरांची गाडी येणार नाही!

“दादा, हे काय केलंत?”

“खुलासा!”

“आपल्या वर्गात पहिला धडा काय असतो? खुलाशाची सुरुवात अफवेनं करायची नाही. तुम्हीच शिकवता ना?”

दादा शिडीवरच थिजला. खाली एक शाळामास्तर थांबून कागद वाचत होते. “कसली गाडी हो?” त्यांनी विचारलं. “आमच्याकडे दोन मांजरं आहेत.” आणि उत्तराची वाट न बघता घाईघाईनं निघाले. रिबीन आणायलाच गेले असणार.

“नगरपालिकेत फोन केला होता मी,” दादा खाली उतरून म्हणाला. “तिथला कारकून म्हणाला, आमच्याकडे मांजरांचा विभागच नाही. मग आवाज बारीक करून म्हणाला, पण आमच्या साहेबांच्या मांजराला आम्ही रिबीन बांधून ठेवली आहे, उगाच कशाला.”

“आणि आवाजातला खुलासा?”

“पाठवला. माझ्या आवाजात.” दादानं तोंड पाडलं. “लोक म्हणतात, ऐकताना वाटतं की शेवटी चष्मा घ्या म्हणणार.”

समोर भिंतीवर डोळे तपासायचा जुना तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक. बातमीबाई त्याच्याकडे बघत म्हणाली, “ज्या आवाजानं सांगितलं त्याच आवाजानं परत घेतलं तरच लोक ऐकतील.”

“अजिबात नाही!” दादा उसळला. “बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? आपण घसा फोडून सांगतोय की गोदामातली माणसं गावाला फसवत नाहीत. आणि आता आपणच सांगायचं, की ती सूचना गोदामातल्या बाईनं वाचली? लोकांना आयतं कोलीत मिळेल. आणि तुमच्या सोमवारचं काय? साहेब तुम्हाला दारात तरी उभं करतील का?”

सोमवार म्हटल्यावर ती थांबली.

“गप्प राहू,” दादा म्हणाला. “मांजरं काय कोणाचं ऐकतात? एकदोन दिवसांत आपापल्या रिबिनी ओरबाडून काढतील. प्रकरण मिटेल.”

खरं सांगायचं तर बातमीबाईला ते ऐकून बरं वाटलं. ती घरी आली, आरशासमोर उभी राहिली आणि “नमस्कार, सकाळचे आठ वाजले आहेत” असं वेगवेगळ्या प्रकारे म्हणून बघितलं. पलीकडून फळीवर टकटक झाली. “आत्ता संध्याकाळ आहे, बाई!”

मांजरांनी रिबिनी काढल्या नाहीत. त्यांना आवडल्या होत्या की काय कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सासूबाई इस्त्रीवालीकडे गप्पा मारायला गेल्या आणि लगेच परत आल्या. एरवी दुपार झाली तरी हलायच्या नाहीत. खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर तशीच.

“काय झालं, आई?”

“तिनं मांजर उचललं आणि कपाटात ठेवलं. मी दारात असताना.”

“का?”

“म्हणाली, मावशी, राग मानू नका, पण तुमच्याकडच्या बायका हातमोजे शिवतात ना, त्याला आतून अस्तर कशाचं असतं? मी म्हटलं लोकरीचं. ती म्हणाली, कोणाच्या?”

बातमीबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिनं हातातलं शिवण खाली ठेवलं. गावानं स्वतःच कारण शोधून काढलं होतं. नगरपालिकेनं रिबीन का बांधायला सांगितली असेल? मांजरं पळवतायत म्हणून. कोण पळवतंय? गोदामात हातमोजे शिवतात ते. संपलं. कोणी एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान हलवली, आणि आता सगळ्यांना ते पहिल्यापासूनच माहीत होतं.

“मला म्हणाली कोणाच्या,” सासूबाई पुन्हा म्हणाल्या. “मी तिच्या पोराला ताप होता तेव्हा मांडीवर घेऊन बसले होते.” आणि त्यांनी नाक पुसलं. सासूबाईंना रडताना सुनेनं फार कमी वेळा बघितलं होतं. पळून येतानाही त्या रडल्या नव्हत्या, नावाड्याशी भांडत आल्या होत्या.

बस. बातमीबाई ताडकन उठली.

“फोन द्या तुमचा.”

“दादाला विचार आधी.”

“दादाला विचारलं तर दादा नाही म्हणेल. म्हणून विचारत नाही.”

तिनं पांघरूण ओढलं, कपाटाचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि वरून पांघरूण घेतलं. रेकॉर्डिंगसाठी गोदामात एवढी एकच बरी जागा होती. मग कपाटातूनच ओरडली, “सगळे गप्प बसा! कोणी भांडी वाजवायची नाहीत, कोणी शिवणयंत्र चालवायचं नाही!”

आणि गंमत म्हणजे ते अख्खं गोदाम गप्प झालं. यंत्रं थांबली. कोणीतरी नळ बंद केला. कुठल्यातरी बाळाचं पिपाणीवालं खेळणं तेवढं एकदा वाजलं, तेही कोणीतरी काढून घेतलं. बाळ रडायच्या तयारीत होतं, त्यालाही कसं कोण जाणे, गप्प केलं.

कपाटात कपड्यांचा आणि साबणाचा वास होता. हे बोलली की सोमवार गेला. आरशासमोरचं ते ‘नमस्कार’ आरशातच राहणार. पुन्हा हातमोजे, पुन्हा पाहुणे, पुन्हा ती रात्र. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिसऱ्यांदा बोललीच.

“नगरपालिकेत मांजरांचा विभागच नाही, असं तिथल्या कारकुनांनी सांगितलं आहे. गाडी येणार नाही. नगरपालिकेत मांजरांचा विभागच नाही, असं तिथल्या कारकुनांनी सांगितलं आहे. हा आवाज तुम्ही ओळखला असेल. आधीची सूचना मीच वाचली होती. ती खोटी होती. अफवा कशी ओळखावी हे शिकवण्यासाठी ती बनवली होती. खोटी आहे हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण मला माझं वाचन बिघडवायचं नव्हतं. मी गोदामात राहते. इथे हातमोजे शिवतात. त्यांचं अस्तर मेंढीच्या लोकरीचं असतं. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन हातमोजे उलटे करून बघावेत. सकाळी यावं. दुपारी आम्ही झोपतो.”

पांघरूण काढून ती बाहेर आली. घामानं निथळत होती.

“आता पाठवू?” सासूबाईंनी अंगठा वर धरून विचारलं. “नक्की ना? मागच्या वेळी पाठवलं तर केवढी ओरडलीस.”

“पाठवा, आई.”

“एकटीलाच?”

“एकटीलाच. पुरेशी आहे.”

पहिला फोन आला रेडिओच्या साहेबांचा. ते असे गोड बोलत होते की बातमीबाईनं लगेच ओळखलं, काही खरं नाही.

“बाई, तो आवाज तुमचा होता तर! कमाल आहे. आता बघा, सोमवारचं जरा अवघड झालंय. मंडळातले लोक म्हणतात, बातम्या नकोत. पण मी म्हणतो, तुम्ही पाहुण्या म्हणून या ना! घर कसं सुटलं, नदी कशी ओलांडली, ती रात्र… आणि शेवटी हा मांजरांचा किस्सा. लोक रडतीलही आणि हसतीलही.”

“आणि आठच्या बातम्या?”

“त्या आपला नेहमीचा मुलगा वाचेल.”

“मग तुमच्या त्या मुलालाच पाहुणा म्हणून बोलवा. मी येणार नाही,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. ठेवला म्हणजे गादीवर आपटला.

“तुला कोणाला शिव्या द्यायच्या असतील तर दे,” सासूबाई म्हणाल्या. “मी शेजाऱ्यांना कान झाकायला सांगते.”

“आम्ही झाकणार नाही,” पलीकडून आवाज आला.

बातमीबाईला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. समोर माइक नव्हता, त्यामुळे मोकळेपणानं रडली.

सकाळी गोदामाच्या दारात रांग लागली. सगळ्यात पुढे इस्त्रीवाली, काखेत मांजर. तिनं कोणाकडे न बघता टेबलावरचा पहिला हातमोजा उचलला, उलटा केला, वास घेतला, चोळून बघितला. मग दुसरा. मग तिसरा. मांजरानं चौथ्यात तोंड घातलं आणि फाडकन शिंकलं.

“मेंढी,” इस्त्रीवालीनं जाहीर केलं. मग सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. “मावशी, माझी अक्कल गहाण पडली होती.”

“ती सोडवून आण आधी,” सासूबाई म्हणाल्या, “मग बोलू.” पण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली होती. इस्त्रीवाली बसली.

सगळेच काही हसत आले नव्हते. एका म्हातारबुवांनी बराच आवाज चढवला. दुकानदुकानी फिरून रिबीन आणली होती त्यांनी. “तुम्ही सांगितलंत म्हणून बांधली,” ते म्हणाले, “आता तुम्हीच सोडा.” आणि पिशवीतलं मांजर त्यांनी सरळ बातमीबाईच्या हातात दिलं. गाठ अशी घट्ट मारलेली, की सोडवेपर्यंत मांजरानं तिचे दोन्ही हात ओरबाडले. ते बघून मागच्यांनाही जोर आला. “आमचंही सोडा!” न्हाव्यानं कुत्रं आणलं. शाळामास्तर दोन मांजरं घेऊन आले, लाजत लाजत. दातांचा डॉक्टर औषधाचा बोळा घेऊन बातमीबाईच्या मागे उभा राहिला आणि प्रत्येक मांजरानंतर तिचे ओरखडे पुसत राहिला. ती “आई गं!” ओरडायची तेव्हा लोकांना भारी मजा वाटायची. रेडिओवरची भाषा सगळी विसरली होती.

“बाई, एक विचारू?” इस्त्रीवाली मध्येच म्हणाली. “उद्या पाणी बंद आहे म्हणतात. खरं का?”

“मला कसं माहीत असणार?”

“मग कोणाला विचारू?”

“कोणालाही विचारा! मी तर तुम्हाला खोटं सांगून बसले आहे.”

“तेच तर,” इस्त्रीवाली म्हणाली. “खोटं होतं तर खोटं होतं म्हणालात. गावात दुसरं कोणी म्हणतं का? माझी भावजय अजून म्हणते गाडी येणार.”

बातमीबाईनं मांजर खाली सोडलं आणि पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोन लावला. तिथे कोणी उचलेना. पुन्हा लावला. मग तिनं दातांच्या डॉक्टरला सायकलवर पिटाळलं, कारण पंप चालवणारा माणूस त्याच्याकडे दात दाखवायचा. उत्तर आलं तशी तिनं त्या गर्दीतच फोन तोंडाशी धरला: “उद्या पाणी बंद राहणार नाही. मात्र वरच्या गल्लीत दाब कमी राहील, असं पंपावरच्या कर्मचाऱ्यांनी सांगितलं आहे.” इस्त्रीवालीनं ते ऐकलं आणि लगेच पुढे पाठवलं.

तेवढ्यात दादा धापा टाकत आला. तो ओरडायलाच आला होता, तोंडावर दिसत होतं. “बाई, माझ्याशी एक शब्द न बोलता…” एवढं म्हणेपर्यंत कोणीतरी त्याच्या हातात मांजर दिलं आणि कोणीतरी विचारलं, पुलाचं काम कधी सुरू होतंय. दादाला माहीत नव्हतं. बातमीबाईलाही नव्हतं. “शोधून काढा ना मग,” ती म्हणाली. “तेच करता ना तुम्ही?” दादानं मांजर काखेत मारलं आणि शोधायला गेला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही हेच. लोक विचारायचे, दादाची माणसं पळायची, बातमीबाई कपाटात डोकं घालून सांगायची. जे कळलं नाही त्याला सरळ ‘अजून कळलेलं नाही’ म्हणायची. आणि प्रत्येक वेळी कोणी सांगितलं ते नाव घेऊनच. पंपावरचा माणूस तर रस्त्यानं छाती काढून चालायला लागला.

सोमवारी सकाळी बातमीबाई केंद्रात डोळे तपासायच्या तक्त्याखाली बसून दादाशी वाद घालत होती, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रेडिओचे साहेब. बूट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले.

“स्टेशनच्या मागचा रस्ता बंद आहे,” ते म्हणाले.

“हो,” बातमीबाई म्हणाली. “तिथे नळ फुटलाय. मी काल संध्याकाळीच सांगितलं.”

“आमच्या मुलानं सहाच्या बातम्यांत रस्ता चालू आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून फोन थांबत नाहीत. सगळे एकच म्हणतात, बातमीबाई तर बंद म्हणाल्या.” साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. “मला वाटलं आपल्या मुलावर विश्वास ठेवावा. गाडी अजून तिथेच रुतली आहे.”

दादा खिडकीकडे तोंड करून हसला. खांदे हलत होते.

“मंडळाशी बोललो,” साहेब म्हणाले. “हवामानाला तयार आहेत ते. आजपासूनच, आठला.”

“हवामान, पाणी आणि रस्ते.”

“हवामान आणि पाणी.”

“साहेब, रस्त्यामुळेच तुम्ही इथे आहात.”

साहेबांनी बुटांकडे बघितलं. या वेळी बघण्यासारखं बरंच होतं. “बरं, रस्तेही. आणि ओळख करून देताना काय सांगू? म्हणजे… गोदामातल्या, असं सांगायचं की नाही?”

“सांगा,” बातमीबाई म्हणाली. “एकदाच सांगा, आणि पुढे बिचाऱ्या वगैरे काही लावू नका. त्या रात्रीबद्दल कोणी विचारलं तर मी उठून जाईन, माइक चालू असला तरी.”

“नाही विचारणार.”

“आणि ‘अजून कळलेलं नाही’ असं म्हणायचं असेल तर ते मी म्हणणार. तुमचा मुलगा कधीच म्हणत नाही.”

“म्हणा बाई, काय म्हणायचं ते म्हणा, पण चला! आठ वाजत आले, आणि चालत जायचंय, माझी गाडी चिखलात आहे.”

बातमीबाई उठली. हातावरचे ओरखडे लपवायला तिनं बाह्या खाली ओढल्या, मग रेडिओवर ते कोणाला दिसणार आहेत हे लक्षात येऊन पुन्हा वर केल्या. खालून सासूबाईंचा आवाज आला, त्या इस्त्रीवालीला घेऊन रस्त्यातच उभ्या होत्या आणि दोघी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून रेडिओ लावायला सांगत होत्या. दादा मात्र हातात फोन घेऊन जिन्यात आडवा आला. “बाई, एक मिनिट, शाळेला उद्या सुट्टी आहे असं उठलंय, मला वाटतं ते बेकरीवाल्याकडून निघालंय, आपण आधी त्याला…”

“दादा, तुम्ही जा बेकरीत. मला आता निघायला हवं.”